दीड मायक्रॉनचा पडदा

ही प्रस्तावना तंबोऱ्यापासून सुरू करतो, कारण हेडफोन पारखायला त्याच्याइतके कठीण वाद्य मला दुसरे माहीत नाही. काळी एकच्या गवयासाठी तंबोरा जुळवला की जोडाच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झवर बोलतात आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास. तंबोऱ्याचे तेज मात्र या मूळ स्वरांत नसते. घोडीवर सुताचा धागा सरकवून जवारी उघडली की एकाच तारेतून उपस्वरांची रांग निघते आणि कित्येक हजार हर्ट्झपर्यंत चढत जाते. तार विरत असताना त्या रांगेतला जोर एका उपस्वरावरून दुसऱ्यावर सरकत राहतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात यातले मर्म सांगितले होते. ज्या बिंदूवर तार छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर सर्वमान्य नियमाप्रमाणे ऐकू यायला नको. आपल्या वाद्यांत तो ठसठशीत ऐकू येतो, आणि त्याचे कारण घोडीच्या वक्र पृष्ठभागात आहे.

ध्वनिमुद्रणात हा तंबोरा मागे असतो, हलक्या आवाजात. त्याच्यापुढे गवयाचा गळा, तबला, पेटी. सुमार हेडफोनवर त्याचे एक सपाट गुंजन होऊन बसते. चांगल्या हेडफोनवर चार तारा चार वेळा छेडल्याचे कळते. उत्तम इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनवर एकेका तारेचे उमलणे आणि विरणे वेगळे ऐकू येते, पुढे तान चालू असतानाही. हा फरक खरा आहे. तो किती मोठा आहे, कशामुळे पडतो आणि त्यासाठी किती पैसे मोजणे रास्त आहे, हा या पुस्तकाचा विषय.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला पुढची प्रकरणे त्याच्याशी ताडून पाहता येतील. इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनची श्रेष्ठता खरी आहे, पण तिच्याविषयी जेवढे बोलले जाते तेवढी मोठी नाही. जिला आपण ‘सुस्पष्टता’ म्हणतो तिचा बराच वाटा पडद्याच्या जातीपेक्षा स्वरपट्ट्यांच्या तोलातून येतो, आणि तो तोल चांगल्या डायनॅमिक हेडफोनमध्ये पुष्कळ कमी पैशांत मिळतो. उरलेला जो सूक्ष्म भाग आहे त्यावर ज्याचा जीव आहे आणि तो ऐकण्याइतकी शांतता ज्याच्या घरात आहे, त्याने इलेक्ट्रोस्टॅटिककडे जरूर वळावे. पण त्याने त्या जातीचा पायथा गाठावा. शिखरावर पैसे घालण्यात मला शहाणपण दिसत नाही.

आता दोन्ही पडद्यांची रचना पाहू, कारण बाकीचे सगळे तिथूनच निघते.

डायनॅमिक हेडफोनमध्ये पातळ प्लास्टिकच्या पडद्याला तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारेचे वेटोळे चिकटवलेले असते. ते लोहचुंबकाच्या अरुंद फटीत तरंगते. त्यातून संगीताचा विद्युतप्रवाह गेला की वेटोळे मागेपुढे सरकते आणि पडद्याला सोबत नेते. या तत्त्वावरचा आधुनिक लाउडस्पीकर अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडला. बर्लिनमध्ये ऑयगेन बायर यांच्या कंपनीने १९३७ मध्ये डीटी ४८ हा पहिला डायनॅमिक हेडफोन बाजारात आणला. या रचनेची ताकद तिच्या साधेपणात आहे: पडदा लांबवर हलू शकतो, थोड्याशा विद्युतदाबावर भरपूर आवाज निघतो, आणि वर्षानुवर्षे हाताळूनही ती सहसा बिघडत नाही. उणीवही तिथेच आहे. जोर लागतो तो फक्त वेटोळे चिकटवलेल्या कड्यावर. बाकीच्या पडद्याने त्याच्यामागून यायचे असते. दोन हातांनी चादर झटकली की हातांजवळचा भाग आधी हलतो आणि लाट मागून पोचते, तसे काहीसे वरच्या पट्टीत इथे होते. पडद्याचे निरनिराळे भाग निरनिराळ्या दिशांनी थरथरू लागतात, काही स्वर उगाच उठून दिसतात, काही दबतात. गेल्या कित्येक दशकांत डायनॅमिक हेडफोनच्या रचनाकारांनी जे श्रम घेतले, त्यांतले पुष्कळसे ही थरथर आवरण्यासाठी होते. सेन्हायझरने २००९ मध्ये काढलेल्या एचडी ८०० मध्ये पडदा चक्क कड्याच्या आकाराचा केला, ५६ मिलिमीटर व्यासाचा, तो याच कारणासाठी.

इलेक्ट्रोस्टॅटिक रचनेत वेटोळेच नाही. दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मधोमध एक ते दोन मायक्रॉन जाडीची प्लास्टिकची फिल्म ताणून बसवलेली असते. दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा मिलिमीटर जागा. फिल्मवर विद्युतवाहक थर इतका विरळ असतो की त्यावरचा विद्युतभार सहजी इकडून तिकडे वाहत नाही. या फिल्मला शेकडो व्होल्टचा स्थिर दाब दिलेला असतो. जपानच्या स्टॅक्स कंपनीच्या आजच्या हेडफोनमध्ये तो ५८० व्होल्ट आहे. संगीताचा दाब दोन पत्र्यांना उलटसुलट दिला जातो, म्हणजे एक पत्रा फिल्मला ओढत असताना दुसरा ढकलत असतो. जोर फिल्मच्या प्रत्येक भागावर सारखाच पडतो. शिवाय भार स्थिर असल्याने फिल्म मधोमध असो वा थोडी सरकलेली, जोर बदलत नाही. विकृती इतकी कमी राहते ती त्यामुळे.

त्या फिल्मचे वजन किती भरते हे एकदा हिशेब करून पाहण्यासारखे आहे. दीड मायक्रॉन जाडीच्या पॉलिएस्टर फिल्मचे एका चौरस मीटरला वजन सुमारे दोन ग्रॅम होते. तेवढेच वजन पावणेदोन मिलिमीटर जाडीच्या हवेच्या थराचे होते. म्हणजे ही फिल्म हलते तेव्हा ती जवळजवळ स्वतःच्याच वजनाची हवा हलवत असते. हे गणित समजले तेव्हा मला या यंत्राविषयी मनापासून आदर वाटला, आणि तो अजून तसाच आहे.

इतिहासात या कल्पनेला घर मिळाले ते जपानमध्ये. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या स्टॅक्सने १९६० मध्ये एसआर-१ हा पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन विक्रीला आणला. त्याआधी तीनच वर्षे, १९५७ मध्ये, इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आला होता आणि त्याच्या मधल्या पट्टीच्या स्वच्छतेने जाणकारांना वेड लावले होते. स्टॅक्सने तीच स्वच्छता कानाशी आणली. १९७९ मध्ये त्यांची लॅम्डा मालिका सुरू झाली: मोठा आयताकृती सांगाडा, त्यात पूर्ण कान झाकेल एवढी फिल्म. तो सांगाडा मूळ ढंगात आजही चालू आहे. कंपनीवर मधल्या काळात आर्थिक संकट आले, पुढे २०११ मध्ये ती चीनच्या एडिफायरने विकत घेतली, तरी काम थांबले नाही. २०२१ चा एसआर-एक्स९००० हा या वंशाचा मुकुटमणी म्हणावा लागेल.

अमेरिकेत कॉस कंपनीनेही या वाटेने जाऊन पाहिले. मिल्वॉकीच्या जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये स्टिरिओ हेडफोन घराघरांत नेला, आणि १९९० चा त्यांचा ईएसपी/९५० हा स्वतःच्या ॲम्प्लिफायरसह मिळणारा इलेक्ट्रोस्टॅटिक संच आहे. तो दिसायला साधा, प्लास्टिकचा आहे, पण ऐकायला गंभीरपणे घ्यावा असा. एका पिढीहून अधिक काळ तो बाजारात टिकला, ही गोष्ट मूल्याचा विचार करताना विसरता कामा नये. जर्मनीत सेन्हायझरने १९९१ मध्ये ऑर्फियस काढला: फक्त ३०० संच, सोबत व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. २०१५ मध्ये त्याचा वारस एचई १ जाहीर झाला. कॅराराच्या संगमरवरात बसवलेले आठ व्हॉल्व्ह, आणि किंमत सुमारे ५०,००० युरो.

त्याच सेन्हायझरचा एचडी ६०० हा डायनॅमिक हेडफोन १९९७ चा. एकाच घराण्यातली ही दोन टोके समोरासमोर ठेवली की किमतीचा प्रश्न उघडा पडतो. एचई १ च्या किमतीत एचडी ६०० चे शंभराहून अधिक नग येतात. आवाज शंभर पट चांगला असू शकत नाही, हे सांगायला नको. मग किती पट? हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. आवाजाचे माप पटीत होत नाही. विचारायचे ते असे: कोणत्या गोष्टी बदलतात, आणि त्यांतल्या कोणत्या मला ऐकू येतात?

इथे एका रूढ समजुतीशी भिडावे लागेल. इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनला ‘वेगवान’ म्हणतात. फिल्म हलकी, म्हणून ती चटकन हलते आणि चटकन थांबते, असा त्यामागचा तर्क. तो अर्धाच बरोबर आहे. वीस हजार हर्ट्झपर्यंतचा स्वर नीट वाजवणारा कोणताही पडदा, जड असो वा हलका, त्या स्वराइतका वेगवान असतोच. नसता तर तो स्वर वाजला नसता. हेडफोनसारख्या यंत्रणेत स्वरपट्ट्यांचा तोल आणि काळातले वागणे या बहुतांशी एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. एखादी पट्टी जिथे अनुनादाने उठते, तिथेच पडदा थांबायलाही उशीर करतो. उठाव सपाट केला की रेंगाळणेही जाते. म्हणून संगणकावरच्या इक्वलायझरने एखाद्या चांगल्या डायनॅमिक हेडफोनचा तोल इलेक्ट्रोस्टॅटिकच्या जवळ नेला, तर दोघांतले अंतर आश्चर्य वाटावे इतके कमी होते. या प्रयोगावर एक पूर्ण प्रकरण आहे. तो वाचकाने स्वतः करून पाहावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

अंतर कमी होते, मिटत मात्र नाही. जे उरते त्यात मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, खालच्या पट्टीतली विकृती. मोठ्या आवाजात खर्ज वाजताना डायनॅमिक पडद्याला लांब हलावे लागते आणि तिथे त्याची विकृती वाढते. इलेक्ट्रोस्टॅटिकवर खर्जाच्या डोक्यावरचे उपस्वर मूळचेच राहतात, हेडफोनने त्यात आपली भर घातलेली नसते. दुसरी, मोठी फिल्म पूर्ण कानाच्या पाळीवर सपाट लहर सोडते, त्यामुळे आवाज डोक्याच्या आत कोंडल्यासारखा कमी वाटतो. तिसरी गोष्ट अशी की ज्या वरच्या पट्टीत डायनॅमिक पडदा थरथरतो, तिथले बारीक उंचसखल कंगोरे इक्वलायझरने पूर्ण पुसता येत नाहीत; हेडफोन कानावर किंचित सरकला तरी ते बदलतात. तंबोऱ्याची जवारी नेमकी याच पट्टीत राहते. पुस्तकात पुन्हा पुन्हा तंबोरा येतो त्याचे कारण हे.

किमतीबद्दल एक संशोधन इथे नोंदवतो. येरोन ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये बाजारातल्या २८३ हेडफोनची मोजमापे तपासून त्यांच्या किमतीशी ताडून पाहिली. स्वरपट्ट्यांचा तोल आणि किंमत यांत त्यांना संबंध आढळला नाही. दुसरीकडे हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी गेल्या दशकात श्रोत्यांवर केलेल्या चाचण्या सांगतात की हेडफोन आवडणे बहुतांशी याच तोलावर ठरते. ही दोन निरीक्षणे एकत्र वाचली तर महाग हेडफोन घेणाऱ्याने थबकायला हवे. लाकूड, चामडे, धातू, वजन, हस्तकौशल्य यांचे पैसे द्यायला माझी हरकत नाही, पण ते आवाजाचे पैसे नव्हेत हे माहीत असावे.

इलेक्ट्रोस्टॅटिकच्या हिशेबात आणखी एक खर्च लपलेला असतो. हा हेडफोन फोनला किंवा नेहमीच्या ॲम्प्लिफायरला थेट जोडताच येत नाही. स्टॅक्सच्या मापाप्रमाणे सुमारे १०१ डेसिबल आवाजासाठी त्याला १०० व्होल्ट लागतात. एचडी ६०० एक-दोन व्होल्टमध्ये दणदणीत वाजतो. तेव्हा शेकडो व्होल्ट हाताळणारा खास ॲम्प्लिफायर घ्यावाच लागतो, आणि तो दुसऱ्या कोणत्याही हेडफोनच्या कामाचा नसतो. एवढे व्होल्ट कानाशी म्हटल्यावर पुष्कळांना भीती वाटते. फिल्मच्या वाटेत फार मोठा रोध ठेवलेला असतो, त्यामुळे धोका होईल इतका प्रवाह तिथून वाहू शकत नाही. धड, न बिघडलेल्या संचात ही भीती बाळगू नये.

मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी मात्र दमट हवेचा विचार करायलाच हवा. पावसाळ्यात ओलाव्यामुळे फिल्मवरचा भार कडेने गळतो, एका कानाचा आवाज दुसऱ्यापेक्षा हलका पडतो, कधी बारीक चरचर ऐकू येते. धूळ आणि केस जाळीतून आत गेले तरी तेच. हेडफोन वापरून झाल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवणे आणि ऐकण्याआधी थोडा वेळ ॲम्प्लिफायर चालू ठेवणे, एवढ्याने बरेचसे निभावते. पण दुरुस्तीची वेळ आलीच तर जवळपास कारागीर सापडणे अवघड. एचडी ६०० ची स्थिती उलट आहे. त्याची वायर, गाद्या, जाळ्या, पडद्याचे युनिट, सगळे सुटे निघते आणि घरी बदलता येते. पाव शतकाहून जास्त काळ उत्पादनात असलेली वस्तू अशी दुरुस्त होते, हेच तिचे मोठे मूल्य आहे.

घरातल्या गोंगाटाचाही हिशेब हवा. इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन जवळजवळ सगळे उघड्या पाठीचे असतात: बाहेरचे सगळे आत येते, आतले बाहेर जाते. छताचा पंखा चालू असेल, खिडकीखाली रस्ता असेल, तर तंबोऱ्याच्या विरत्या तारेचा शेवटचा भाग त्या आवाजात बुडतो. ज्यासाठी पैसे मोजले तेच ऐकू येत नाही. अशा घरात बंद पाठीचा साधा डायनॅमिक हेडफोन जास्त तपशील देतो, हे मी ठामपणे सांगतो.

तबल्याविषयी बोलताना मी डायनॅमिककडे झुकतो. बायाचा घुमारा, पखवाजाची थाप, यांत जे अंगावर येणारे वजन आहे ते चांगला डायनॅमिक हेडफोन जास्त समाधानाने देतो. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये तो खालचा स्वर असतो, स्वच्छही असतो, पण फिल्मला हलायला जागा मोजकी, आणि गादी गालाला नीट टेकली नाही की खालची पट्टी लगेच गळते. चष्मा लावणाऱ्यांना याचा अनुभव येईल.

जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत तर प्रश्नच उरत नाही. १९२५ च्या आधी, कर्ण्यात गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणात वरच्या पट्टीतले फार थोडे उतरत असे. नंतरच्या लाखेच्या तबकड्यांतही पृष्ठभागाची खरखर संगीताच्या बरोबरीने येते. अब्दुल करीम खाँ किंवा बालगंधर्व ऐकण्यासाठी इलेक्ट्रोस्टॅटिक घेणाऱ्याला खाँसाहेबांच्या गळ्यापेक्षा तबकडीची खरखर अधिक तपशिलाने ऐकू येईल. ज्याच्या संग्रहात असे संगीत अधिक आहे त्याने मधल्या पट्टीत ऊब असलेला डायनॅमिक हेडफोन घ्यावा आणि निश्चिंत व्हावे.

या दोन जातींच्या मधे प्लेनर मॅग्नेटिक म्हणून एक तिसरी जात आहे. तिच्यात वेटोळ्याऐवजी सपाट फिल्मवरच वाहक रेषा आखलेल्या असतात आणि फिल्मच्या मोठ्या भागावर जोर पडतो. यामाहाने १९७६ मध्ये असे हेडफोन काढले होते. आज ऑडिझी आणि हायफायमॅन यांनी ती लोकप्रिय केली आहे. तिच्यासाठी पुस्तकात एकच प्रकरण ठेवले आहे.

तुलना करताना पाळायचा एक नियम इथेच सांगतो, कारण तो चुकला तर पुढचे सगळे व्यर्थ. दोन्ही हेडफोनचा आवाज सारख्या पातळीवर आणल्याशिवाय मत बनवू नये. एक डेसिबलचा फरक कानाला ‘मोठा’ असा जाणवत नाही, ‘चांगला’ असा जाणवतो. दुकानात महाग संच किंचित चढ्या आवाजात वाजत असेल तर तो जिंकणारच. आपल्या ओळखीचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे, शक्यतो ज्यात तंबोरा मोकळा ऐकू येणारी आलापी आहे, आणि एका हेडफोनवर निदान पूर्ण आलाप संपेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नये.

आणि इलेक्ट्रोस्टॅटिक वापरणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. आवाज फार मोठा झाला आहे हे आपल्याला पुष्कळदा विकृतीवरून कळते: स्वर फाटू लागतो, कानाला टोचतो, आणि हात आपोआप आवाज कमी करतो. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये ही खूण जवळजवळ नसते. स्वर स्वच्छच राहतो आणि पातळी नकळत चढत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित ऐकण्यासाठी दिलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि पातळी तीन डेसिबलने वाढली की वेळ निम्मी होते. म्हणून ॲम्प्लिफायरच्या बटणावर सुरुवातीलाच एक खूण करून ठेवावी, शांत खोलीत तंबोरा जेमतेम भरून राहील एवढ्या पातळीची, आणि बैठक कितीही रंगली तरी बटण त्या खुणेच्या पुढे नेऊ नये.